अन्न, औषध आणि हिंमत



शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांचे आणि मार्गदर्शकांचे हे अधिवेशन वलगावात भरले आहे आणि त्याचा विषय 'मनाचा कणखरपणा' असा ठरला आहे. याच गावाजवळ, पेढी नदीच्या पुलावर, २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. वलगावात उभे राहून मनाच्या बळाविषयी बोलायचे आणि बाबांचे नाव घ्यायचे नाही, हे मला जमणार नाही.

बाबांच्या कणखरपणाचा दाखला म्हणून एक प्रसंग नेहमी सांगितला जातो. १९२३ साली कोकणात खारेपाटणला कीर्तन चालू असताना मुलगा गोविंद गेल्याची बातमी आली आणि बाबांनी कीर्तन थांबवले नाही. प्रसंग मोठाच आहे. पण मुलांना तो सांगताना आपण शिक्षकांनी जपावे, असे मी म्हणेन. संताच्या अंगचे बळ चौदा वर्षांच्या मुलापुढे माप म्हणून ठेवले की त्या मुलाला स्वतःचे रडू अपराधासारखे वाटू लागते. मला बाबांची दुसरी शिकवण आज अधिक जवळची वाटते. त्यांच्या दशसूत्रीत भुकेल्याला अन्न आहे, तहानलेल्याला पाणी आहे, वस्त्र, शिक्षण, आसरा, औषध, रोजगार आहे. आणि या सगळ्यानंतर, यादीच्या शेवटाकडे, दुःखी आणि निराश माणसाला हिंमत द्यावी, असे सूत्र आहे. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. पोटात काही नसलेल्याला बाबांनी आधी धीर धरायला सांगितले नाही. आणि हिंमत त्यांनी अन्नपाण्याच्याच रांगेत बसवली. म्हणजे हिंमतही दुसऱ्याला द्यायची वस्तू आहे, ज्याने त्याने ती आपापल्या छातीतून उपसून काढायची नाही.

आज मला एवढेच मांडायचे आहे, की खंबीर मन एकट्याच्या बळावर घडत नाही. ते घडवणारी माणसे, जागा आणि सवयी आजूबाजूला असाव्या लागतात. आणि त्यांतल्या बऱ्याच गोष्टी आपल्या, म्हणजे पीटीच्या मास्तरांच्या आणि बाईंच्या हातात आहेत.

आपल्या भागाला ही गोष्ट नवी नाही. १९१४ साली अमरावतीत अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी श्री हनुमान आखाडा सुरू केला. त्यातूनच हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले. १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिक भरले, तेव्हा मंडळाच्या पथकाने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. त्या वारशाचा आपण अभिमान बाळगतो आणि तो बाळगावाच. पण आखाड्याने आपल्याला आणखी एक गोष्ट शिकवली आहे. आखाड्याची माती खणून, चाळून, तेल-ताक-हळद घालून मऊ करतात. कशासाठी? माणूस पडणार, हे गृहीत धरलेले असते म्हणून. नव्या पोराला डाव शिकवण्याआधी पडायला शिकवतात. ज्युदोतही तसेच. ज्याला पडण्याचे भय उरले नाही, तोच पुढे डाव टाकतो. आणि ती माती तो पोरगा स्वतः एकट्याने तयार करत नाही. वस्ताद आणि जोडीचे पहिलवान सगळे मिळून ती खणतात.

आता आपल्या शाळांकडे पाहा. तालुक्याच्या सामन्यात हरून आपला संघ टेम्पोतून परत येतो, तेव्हा आत काय चालते, हे तुम्ही सगळ्यांनी पाहिले आहे. कोणी बोलत नाही. एखादी मुलगी ओढणीत तोंड घालून बसते. गाव आले की चौकातला कोणीतरी विचारतो, "काऊन, हारल्या काय?" आणि घरी गेल्यावर, "खेळून काय भेटते तुले?" त्या रात्री त्या मुलीच्या मनात जे ठरते, त्यावर ती सोमवारी मैदानावर येणार की नाही, हे अवलंबून असते. पुष्कळ मुली येत नाहीत. आठवी-नववीनंतर मुलींची कबड्डी आणि खो-खो कसे आटते, हे मी नोकरीत असताना वर्षानुवर्षे पाहिले आहे. त्या मुली कच्च्या मनाच्या होत्या, असे मला एकदाही वाटले नाही. टेम्पोपासून घरापर्यंतच्या वाटेवर त्यांच्यासोबत कोणी नव्हते.

हवाई बेटांपैकी कवाई नावाचे एक बेट आहे. तिथे १९५५ साली जन्मलेल्या सगळ्या ६९८ मुलांच्या आयुष्याचा माग एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशके घेतला. गरिबी, घरातली भांडणे, आजारपणे अशा बिकट परिस्थितीत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले पुढे सरळ, कर्ती, प्रेमळ माणसे झाली. त्यांच्यात वेगळे काय होते, हे शोधताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. त्या मुलांच्या आयुष्यात त्यांच्यावर विश्वास टाकणारे निदान एक मोठे माणूस होते. कधी आजी, कधी शेजारी, कधी शिक्षक. इथे बसलेल्या प्रत्येकाने हे मनावर घ्यावे. कित्येक मुलांच्या बाबतीत ते एक माणूस आपण असतो, आणि बहुतेक वेळा आपल्याला ते ठाऊकही नसते.

विदर्भाच्या क्रिकेटकडे मी याच नजरेने पाहते. विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी करंडक खेळतो आहे. पहिले विजेतेपद मिळाले १ जानेवारी २०१८ रोजी, इंदूरला, दिल्लीला हरवून. मधली साठ वर्षे हा संघ इतरांच्या हिशेबात फारसा नव्हता. त्या मोसमात फैज फजल कर्णधार होता, चंद्रकांत पंडितांसारखे कडक शिस्तीचे प्रशिक्षक होते, वसीम जाफरसारखा अनुभवी फलंदाज होता. कर्नाटकाविरुद्धची उपांत्य फेरी कोलकात्यात अवघ्या ५ धावांनी जिंकली. रजनीश गुरबानीने दुसऱ्या डावात ६८ धावांत ७ बळी घेतले. तो विजय आपण आठवतो.

मला मात्र मुलांना सांगावासा वाटतो तो मार्च २०२४ मधला पराभव. वानखेडेवर अंतिम सामन्यात मुंबईने ५३८ धावांचे लक्ष्य ठेवले. हरणार हे जवळजवळ ठरलेलेच होते. तरी शेवटच्या दिवशी कर्णधार अक्षय वाडकर आणि हर्ष दुबे उपाहारापर्यंत बाद झाले नाहीत. वाडकरने १०२ धावा केल्या, दुबेने ६५. विदर्भ १६९ धावांनी हरला. पुढच्याच मोसमात त्याच संघाने नागपूरला उपांत्य फेरीत मुंबईला ८० धावांनी हरवले आणि अंतिम सामन्यात केरळविरुद्ध पहिल्या डावातल्या आघाडीवर करंडक घेतला. दुबेने त्या मोसमात ६९ बळी घेतले. रणजीच्या एका मोसमात तेवढे त्याआधी कोणीच घेतले नव्हते. कर्णधार तोच वाडकर होता. हरलेल्या कर्णधाराला वर्षभर त्याच जागी ठेवणे हाही कणखरपणाच आहे. तो मात्र संघ चालवणाऱ्यांनी दाखवावा लागतो.

आणि आपल्या अमरावतीचा जितेश शर्मा. २०१६ च्या मोसमासाठी मुंबई इंडियन्सने त्याला घेतले, पण सामना खेळायला मिळाला नाही. आयपीएलचा पहिला सामना तो खेळला २०२२ मध्ये, पंजाबकडून. मे २०२५ मध्ये लखनौविरुद्ध बंगळुरूचे नेतृत्व करताना त्याने ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा काढल्या, त्या साऱ्या देशाने पाहिल्या. मधल्या वर्षांत टीव्हीवर दाखवण्यासारखे काही घडत नव्हते. तेव्हा रोज सकाळी नेटमध्ये त्याला चेंडू टाकणारे कोण होते? त्यांची नावे कोणाला माहीत नाहीत. इथे बसलेल्यांपैकी बरेच जण कोणासाठी तरी तेच काम करत आहात.

मनाचे शिक्षण हे बहुतांशी कंटाळवाणे असते, हेही मुलांना खरे सांगू या. नागपूरच्या ओजस देवतळेने ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला जागतिक तिरंदाजीच्या अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण घेतले. १५ बाण, १५ दहा. समोरच्याचे १४९ झाले होते, म्हणजे एक बाण जरी नऊवर गेला असता तरी बरोबरी झाली असती आणि सोने हातचे जाऊ शकले असते. अशा लढतीत प्रत्येक बाणाला २० सेकंद मिळतात. तेवढ्या वेळात उभे राहणे, श्वास, ओढ, नेम हे सगळे त्याच क्रमाने करायचे असते, आधीचा बाण कुठे गेला याचा विचार मनात न आणता. हे व्याख्यानाने येत नाही. हजारो वेळा तेच तेच करून येते. परीक्षेच्या हॉलमध्ये पेपर पाहून हात थरथरणाऱ्या मुलालाही हाच क्रम शिकवता येतो. पाय जमिनीवर टेकव, सावकाश श्वास सोड, पहिला सोपा प्रश्न शोध.

इथे एका गोष्टीवर मला ठामपणे बोलायचे आहे. मुलांना चारचौघांत अपमानित केल्याने ती कणखर होतात, ही समजूत आपल्या मैदानांवर अजून आहे. "बायकांसारखा रडतो काय बे" हे वाक्य अजून ऐकू येते. अपमानाने मूल घाबरते आणि गप्प बसते, आणि त्या गप्प बसण्याला आपण शिस्त समजतो. जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सने टोकियो ऑलिंपिकमध्ये सांघिक अंतिम फेरीतून माघार घेतली, कारण हवेत फिरताना तिला आपल्या शरीराचा अंदाज येईना. मान मोडण्याचा धोका होता. तेव्हा तिला कचखाऊ म्हणणारे होते. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तिने तीन सुवर्णपदके घेतली. "आज मला जमत नाही" हे सांगण्याची सोय ज्या मैदानावर नसते, तिथून मुले कायमची निघून जातात.

आता मैदानाबाहेर येते, कारण वऱ्हाडात हा विषय मैदानावर संपूच शकत नाही. पेढी पुढे पूर्णेला मिळते, आणि पूर्णेच्या खोऱ्यात आपला खारपाणपट्टा आहे. विहीर खणली तर पाणी खारे, त्यामुळे पावसावरच सगळी भिस्त. कपाशीला बोंडअळी, सोयाबीनला पिवळा मोझॅक, मोर्शी-वरूडकडे संत्र्याची गळ. जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांनी अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले. त्यानंतरही आत्महत्यांच्या बातम्या थांबल्या नाहीत. इथे बसलेल्या कित्येकांच्या वर्गात अशा घरातली मुले आहेत. या शेतकऱ्याला 'मन खंबीर ठेव' एवढेच सांगून जो निघून जातो, तो त्याच्यावर अन्याय करतो. भाव, कर्ज, पाणी, विमा यांची उत्तरे मनाच्या व्यायामात नाहीत. ती द्यायची जबाबदारी सरकारची, बँकेची, बाजाराची आहे. दशसूत्रीतला क्रम इथे विसरता कामा नये.

पण तेवढ्याने मनाचा प्रश्न उरत नाही, असेही नाही. आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम राबवला गेला. गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन उदासीच्या आजाराविषयी बोलायचे, समुपदेशकांनी ऐकून घ्यायचे, गरज पडेल तिथे डॉक्टरांनी उपचार करायचे, अशी त्याची रचना होती. डॉ. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. सुरुवातीला हा आजार असलेल्या शंभरांपैकी जेमतेम चार जण कोणाकडे मदतीसाठी जात होते. दीड वर्षात ते प्रमाण २७ झाले. शंभरांतले ७३ तरीही घरातच राहिले, हे खरे. पण वऱ्हाडी माणूस मनातले बोलत नाही, असे जे आपण म्हणत आलो, ते या आकड्यांनी खोटे ठरवले. दारात येऊन विचारणारे कोणी असले की तो बोलतो.

खारपाणपट्ट्यात हरभरा येतो तो पावसाळ्यात जमिनीने धरून ठेवलेल्या ओलीवर. मनाचेही तसेच आहे. संकट आल्यावर ओल तयार करता येत नाही, ती आधी मुरलेली लागते. आणि आपल्या मुलांच्या मनात ती मुरते ती रोजच्या खेळाच्या तासाला. म्हणून पीटीचा तास गणिताला देऊन टाकणाऱ्या मुख्याध्यापकांशी नम्रपणे, पण पुराव्यासह भांडायला आपण शिकले पाहिजे.

माझ्या मागण्या फार नाहीत. हरलेल्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सराव व्हावाच. तो हलका असावा, आणि त्यात आधी मुलांनी बोलावे, मग आपण. क्रीडा साहित्याच्या खोलीच्या दारावर शासनाच्या टेलिमानस या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोठ्या अक्षरात लिहावा, आणि तो कशासाठी आहे हे मुलांना व पालकसभेत एकदा नीट समजावून सांगावे. गावातल्या आशाताईंशी आपली ओळख असावी. एखादे मूल अचानक गप्प झाले, जेवेनासे झाले, मैदानावर येईनासे झाले, तर त्याला शिस्तभंग म्हणून हजेरीपटावर लाल शेरा मारण्याआधी घरी काय चालले आहे ते विचारावे. आणि मुलाच्या तोंडून मरणाची भाषा आली, तर ती थट्टेवारी न नेता त्याच दिवशी घरच्यांना सांगून डॉक्टरांपर्यंत पोहोचवावी. आपण मानसोपचारतज्ज्ञ नाही आणि तसे होण्याचा आव आणू नये. पण सगळ्यात आधी लक्षात येते ते आपल्याच, कारण मूल धावताना आपण त्याच्याकडे पाहत असतो.

उद्या सकाळच्या सत्रात ठराव मांडले जातील. त्याआधी आज रात्री प्रत्येकाने एक काम करावे, अशी माझी विनंती आहे. यंदा आपल्या मैदानावरून निघून गेलेली एक मुलगी किंवा एक मुलगा आठवा आणि ते नाव स्वतःच्या डायरीत लिहा. त्या घरी पुढच्या आठवड्यात कोणत्या दिवशी जायचे, आणि सोबत कोणाला न्यायचे, ते उद्या ठरावांच्या आधी ठरवू.