एका नावावरचे 19,217 यार्ड



संख्याशास्त्र शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. म्हणून आज तुमच्यासाठी एक संख्या घेऊन आलो आहे: 19,217. अमेरिकेतल्या ह्यूस्टन विद्यापीठाच्या केस कीनम या क्वार्टरबॅकने 2007 ते 2011 या काळात पास फेकून मिळवलेले हे यार्ड. तिथल्या कॉलेज फुटबॉलच्या सर्वोच्च विभागात संपूर्ण कारकिर्दीत याहून जास्त यार्ड कुणाच्याच नावावर नाहीत. एकापुढे एक मांडले, तर साडेसतरा किलोमीटर भरतात.

हे यार्ड मोजतात कसे, ते आधी सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं त्या मोजणीतच आहे. डाव सुरू झाला की चेंडू क्वार्टरबॅकच्या हातात येतो. त्याच्यावर चाल करून येणाऱ्यांना पाच धिप्पाड लाइनमन थोपवून धरतात. तेवढ्या दोन-तीन सेकंदांत तो पुढे धावणाऱ्या एखाद्या साथीदाराला हेरतो आणि चेंडू फेकतो. चेंडू झेलला गेला तरच यार्ड मिळतात. झेलल्यावर तो साथीदार, म्हणजे रिसीव्हर, चेंडू घेऊन जेवढा धावेल तेवढे यार्डही क्वार्टरबॅकच्याच खात्यावर जमा होतात. थोडक्यात, 19,217 मधलं बरंच अंतर कीनमने फेकलेलंच नाही. ते दुसऱ्या कुणीतरी पायांनी कापलेलं आहे, अंगावर झेपावणाऱ्यांना चुकवत.

त्या पायांपैकी एका जोडीची हकीकत ऐका. पॅट्रिक एडवर्ड्स हा ह्यूस्टनच्या संघात शिष्यवृत्तीशिवाय, स्वतःहून दाखल झालेला रिसीव्हर. 2008 च्या ऑक्टोबरमध्ये मार्शल विद्यापीठाच्या मैदानावर एका पासमागे धावताना तो सीमेपलीकडे गेला आणि तिथे उभ्या असलेल्या बँडच्या सामानाच्या गाडीवर आदळला. पायाचं हाड मोडून बाहेर आलं. हा मुलगा पुढच्या हंगामात परत मैदानात उतरला. 2011 च्या ऑक्टोबरमध्ये राइस विद्यापीठाविरुद्ध कीनमने एका सामन्यात नऊ टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे पास, दिले आणि कारकिर्दीतल्या टचडाउन पासांचा विक्रम मोडला. त्या नऊपैकी पाच एडवर्ड्सने झेलले होते. विक्रमाच्या यादीत त्या दिवसाच्या नोंदीपुढे कीनमचं नाव आहे, आणि नियमानुसार ते बरोबरच आहे. पण ती नोंद वाचताना मला तो मोडलेला पाय आठवतो.

आता बेरीज उलगडून पाहू. 2007 मध्ये 2,259 यार्ड, 2008 मध्ये 5,020, 2009 मध्ये 5,671. मग 2010 मध्ये फक्त 636. आणि 2011 मध्ये पुन्हा 5,631. मी वर्गात असतो तर विचारलं असतं, की यातली सर्वांत महत्त्वाची संख्या कोणती? माझ्या मते 636.

त्या वर्षी सप्टेंबरमध्ये यूसीएलए या विद्यापीठाविरुद्ध कीनमचा पास प्रतिस्पर्ध्याने झेलला. त्याला अडवायला कीनम धावला आणि त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. हंगाम तिथेच संपला. विद्यार्थी-खेळाडूला मिळणारी नेहमीची मुदतही संपत आली होती. तिथेच थांबला असता तर त्याच्या नावावर 13,586 यार्ड राहिले असते. उत्तम कारकीर्द, पण विक्रमापासून खूप दूर. 2011 च्या जानेवारीत कॉलेज खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेने त्याला आणखी एक वर्ष मंजूर केलं. एका समितीने एक अर्ज वाचला, गेलेलं वर्ष का गेलं ते समजून घेतलं आणि होकार दिला. हवाई विद्यापीठाच्या टिमी चँगचा 17,072 यार्डांचा विक्रम त्या वाढीव वर्षातच मागे पडला.

हे मी मुद्दाम सांगतो आहे. आज पदवी घेणाऱ्यांमध्ये काही जण बरोबरच्यांपेक्षा एक-दोन वर्षं उशिरा इथवर आले असतील. कुणाचं आजारपण असेल, कुणाच्या घरची अडचण, कुणाला फीचे पैसे उभे करायला थांबावं लागलं असेल. गुणपत्रिकेवर ते कारण छापलेलं नसतं. ‘वर्ष वाया गेलं’ असं आपल्याकडे किती सहज म्हणतात! त्या बोलण्याचा मला राग येतो. उद्या तुमच्यापैकी कुणी निवड समितीवर बसेल आणि समोरच्या अर्जात एक वर्ष रिकामं दिसेल. तेव्हा कृपा करून त्या उमेदवाराला बोलवा आणि विचारा.

विक्रमाच्या यादीत काय मावत नाही, हेही बघण्यासारखं आहे. हंगामाअखेरच्या बाउल सामन्यांचे आकडे एनसीएए 2002 पासून कारकिर्दीत धरू लागली. त्याआधीचे धरलेच नाहीत. ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचा टाय डेटमर 1991 पर्यंत खेळला. त्याच्या 15,031 यार्डांत बाउल सामने नाहीत, कीनमच्या बेरजेत आहेत. नोत्र दाम विद्यापीठाचा क्वार्टरबॅक जो मोंटाना याच्या नावावर कॉलेजमध्ये जेमतेम 4,121 यार्ड आहेत. पण 1 जानेवारी 1979 ला डॅलसच्या गोठवणाऱ्या थंडीत, कॉटन बाउलमध्ये, अंग गार पडल्यामुळे त्याला गरम सूप पाजावं लागलं. त्यानंतर मैदानात परतून त्याने 34-12 असा पिछाडीवर पडलेला संघ 35-34 असा जिंकून दिला. समोरचा संघ होता ह्यूस्टनचा. आणि त्या दिवसाचा एकही यार्ड त्या 4,121 मध्ये नाही.

यादीतला क्रम म्हणजे सगळं नव्हे, हेही पाहा. टेक्सस टेक विद्यापीठात पॅट्रिक महोम्स शिकला, जगातला आजचा सर्वांत नावाजलेला क्वार्टरबॅक. पण त्याच्या स्वतःच्या विद्यापीठाच्या पास-यार्डांच्या यादीत पहिला ग्रॅहम हॅरेल, दुसरा क्लिफ किंग्सबरी. किंग्सबरी पुढे महोम्सचा प्रशिक्षक झाला, आणि त्याआधी ह्यूस्टनमध्ये कीनमचाही.

कीनमला 2012 मध्ये व्यावसायिक संघांच्या निवडीत कुणीच घेतलं नाही. विक्रमी आकडे असूनही तो मागच्या दाराने आत गेला. 14 जानेवारी 2018 ला मिनिआपोलिसमध्ये त्याच्यासमोर प्रतिस्पर्धी संघाचा नामांकित क्वार्टरबॅक ड्रू ब्रीझ उभा होता. वेळ संपत असताना कीनमने चेंडू फेकला, त्याचा साथीदार स्टेफन डिग्ज याने उंच उडी घेऊन तो झेलला, तोल सावरला आणि सरळ धावत सुटला. सामना जिंकला गेला. नोंद झाली 61 यार्डांच्या पासची. त्यातलं निम्म्याच्या आसपास अंतर डिग्ज एकटा धावला होता.

टचडाउन पासांच्या यादीत आता 155 या आकड्यापुढे दोन नावं आहेत. 2024 मध्ये डिलन गॅब्रिएलने कीनमला तिथे गाठलं. यार्डांत तो 18,722 वर थांबला. करोनामुळे 2020 चा हंगाम मुदतीत धरला गेला नाही, म्हणून त्याला सहा हंगाम मिळाले, आणि ते तो तीन विद्यापीठांत खेळला: सेंट्रल फ्लोरिडा, ओक्लाहोमा, ओरेगन. त्यामुळे एकाही विद्यापीठाच्या यादीत तुम्हाला 18,722 हा आकडा सापडणार नाही. ती बेरीज तिन्ही ठिकाणचे आकडे जोडून करावी लागते.

तुमच्या पदवीमागेही अशीच अनेकांची बेरीज आहे; म्हणून तुम्हा सर्वांचं, आणि ज्यांची नावं आज प्रमाणपत्रावर छापलेली नाहीत त्यांचंही, मनापासून अभिनंदन करतो.