राज्य कुणावर?



लपंडाव आठवतोय ना?
ज्याच्यावर राज्य, त्यानं डोळे मिटायचे.
बोटांच्या फटीतून हळूच पाहिलं, तर कुणाला कळणार?
पण पाहिलं, की खेळातली मजाच जाते.
हे मुलांना लवकर उमगतं.
मूल खरेपणा शिकतं...
सांगून नाही, खेळून.

राज्य कुणावर, हे ठरवायला मुलं चकतात.
तळहात उलटे, सुलटे...
जो वेगळा पडला, तो सुटला.
तिथे वशिला नाही, दांडगाई नाही.

आणि सगळ्यात धाकटं पोर?
ते लिंबू-टिंबू.
बाद झालं, तरी त्याच्यावर राज्य येत नाही.
मला हा नियम फार मोलाचा वाटतो.
ज्याची ताकद कमी, त्याला सांभाळून घ्यायचं.
हाही न्यायच.
आणि तो मुलांनीच ठरवलेला!

खेळातून शिकण्याचं एक उदाहरण सांगते. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी या गावी ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं.
अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या.
खेळ, गाणी, हातांनी करायची कामं...
मुलं त्यातूनच शिकत.

घरी एक करून पाहा.
दोन मुलं, एक लाडू.
एकानं भाग करायचे.
दुसऱ्यानं आधी उचलायचा.
बघा, किती जपून भाग होतात ते!

खेळात भांडण झालं, तर लगेच मध्ये पडू नका.
थोडं थांबा.
“हो, मी बाद झालो” असं कुणी कबूल केलं, तर त्याला शाबासकी द्या.
पुन्हा सांगते...
सांगून नाही, खेळून.

आज संध्याकाळी तुम्हीही मुलांबरोबर चका.
राज्य आलंच, तर डोळे घट्ट मिटा.