दुधाची जागल दोन तासांची

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाचे सोडून आज दुधाचे काय काढले, असे काहींना वाटेल. पण कोरडवाहू घरातले दूध हे ज्वारी आणि कापसाचेच लेकरू आहे. कडबा ज्वारीचा, ढेप सरकीची. कापसाचा पैसा वर्षातून एकदा येतो, घरातले मीठमिरची दुधावर चालते. आणि वैशाखात केंद्रावर कॅन उघडला, दूध नासले म्हणून परत आला, की त्या दिवसाची मेहनत नालीत जाते.

आम्ही शेतकी कॉलेजात शिकलो. 'जोडधंदा करा, म्हैस घ्या' असे सांगत गावोगाव हिंडलो. पण दूध का नासते आणि त्यातून घरात आजार कसा शिरतो, हे आम्ही कधी नीट सांगितले नाही. ती चूक आज दुरुस्त करायची आहे.

ज्वारी हुरड्यात आली की आपण मचाणावर जागल करतो. कच्च्या दुधातही अशी जागल असते. वासराला सांभाळण्यासाठी निसर्गाने ठेवलेली. दुधातले एक प्रथिन लोहाला धरून ठेवते. जंतूला वाढायला लोह लागते, ते त्याला सहज मिळू देत नाही. चिकात तर रोगाशी लढणारी प्रतिद्रव्ये भरपूर असतात, म्हणून वासराला पहिला चीक पाजायचाच.

तिसरा जागल्या आहे लॅक्टोपरॉक्सिडेज. त्याचा आपल्या ज्वारीशी संबंध आहे. पावसाने ताण दिलेली कोवळी ज्वारी खाऊन जनावर तडफडून मरते, हे आपण पाहिलेले आहे. ते सायनाइडचे विष. पण थोडेसे पोटात गेले तर जनावराचे यकृत त्याचे थायोसायनेट करते आणि ते दुधात उतरते. लॅक्टोपरॉक्सिडेज त्याच थायोसायनेटपासून जंतूंना अडवणारे द्रव्य बनवते. म्हणून कोणी कोवळी ज्वारी चारू नका! सांगायचे एवढेच की दुधाला स्वतःची राखण आहे.

पण ही राखण किती वेळ? कासेच्या उबेला साधारण दोन तास. दूध थंड केले तर जास्त. काही जंतू त्यात मरतात, काही नुसते थांबतात, काहींना काहीच होत नाही. दारूगोळा संपला की जागल्या झोपतो आणि चोर मोकळे होतात.

मग काय होते? सोयीची ऊब मिळाली तर शेणातला ई. कोलाय जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतो. एकाचे दोन, दोनाचे चार. हिशेब करा. त्याच गतीने सात तासांत एकाचे वीस लाख होतात. दुधातली साखर हे जंतूंचे खाणे. साखरेचे आम्ल होते. आम्ल वाढले की केसीन हे प्रथिन गोळा होते, त्यालाच आपण दूध फाटले म्हणतो. थोडेच आम्ल झाले असेल तर दूध दिसायला चांगले असते, पण चुलीवर ठेवताच फाटते. घरून निघताना चांगले असलेले दूध केंद्रावर नासके ठरते, ते असे.

नासलेले दूध निदान दिसते. न दिसणारे जास्त वाईट. १८८७ साली माल्टा बेटावर डेव्हिड ब्रूस या डॉक्टरने तिथल्या चिवट तापाचा जंतू शोधला. तो येतो कुठून, हे कळायला १९०५ साल उजाडले. झॅमिट यांना तो धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांमध्ये सापडला. १९०६ साली लष्कराने सैनिकांना शेळीचे दूध देणे बंद केले आणि ताप झपाट्याने उतरला. तो जंतू म्हणजे ब्रुसेला. आपल्या गोठ्यात गाय-म्हैस सहाव्या-सातव्या महिन्यानंतर गाभडते, त्यामागे पुष्कळदा तोच असतो.

गाईच्या दुधात या जंतूविरुद्धची प्रतिद्रव्ये असली, तर ती जंतूंना एकत्र चिकटवतात आणि स्निग्धांशाच्या कणांबरोबर वर नेतात. याच गुणावर एक तपासणी आहे. दुधात रंगवलेले मेलेले जंतू टाकतात. वर निळे कडे जमले तर रोगाचा संशय घ्यायचा. म्हणजे दुधाची राखणच जंतूला सायीत नेऊन बसवते. कच्च्या सायीचे लोणी आणि धारोष्ण दूध यांचा धोका इथे आहे.

आमच्या ओळखीच्या एका घरात बाईला तीन महिने ताप येत-जात होता, सांधे धरले होते. मलेरिया झाला, टायफॉइड झाला, सगळी औषधे झाली. शेवटी रक्तात ब्रुसेला निघाला. गोठ्यातली गाय गाभडली तेव्हा झार तिनेच उघड्या हाताने काढली होती. औषधपाण्यात एक गोऱ्हा विकला गेला. धारोष्ण दुधाने पोर पैलवान होते, असे त्या घरातही म्हणत होते.

आता करायचे काय? कास धुवून कोरडी पुसा. पहिल्या तीन-चार धारा वेगळ्या भांड्यात काढून बघा. गाठी दिसल्या तर दगडी आहे, ते दूध मिसळू नका. त्यातला एक जंतू असे विष करतो, जे उकळल्यावरही जात नाही. भांडी कढत पाण्याने धुवून उन्हात वाळवा. धार काढल्याबरोबर कॅन गार पाण्यात ठेवा, वर ओले गोणपाट टाका, दोन तासांच्या आत केंद्र गाठा. संध्याकाळचे आणि सकाळचे दूध एकत्र करू नका. सोडा, फॉर्मालिन, हायड्रोजन पेरॉक्साइड यांना हात लावू नका, ती भेसळ आहे. घरात दूध उकळूनच प्या, विरजण उकळलेल्या दुधालाच लावा. गाभडलेले वासरू आणि झार हातमोजे घालून, चुना टाकून खोल पुरा. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि पारड्यांना ब्रुसेलाची लस एकदा टोचून घ्या. २०१९ पासून केंद्राच्या कार्यक्रमात ती मोफत आहे.

हे झाले आपले काम. आता मागणी. आपल्या दुधाचा भाव फॅट आणि एसएनएफवर ठरतो. स्वच्छतेला भाव किती? जंतू मोजायची साधी तपासणी आहे. दुधात निळा रंग टाकायचा. जंतू जास्त तर रंग लवकर उडतो. पाच तास टिकला तर दूध उत्तम, अर्ध्या तासात उडाला तर वाईट. ही तपासणी आपल्यासमोर व्हावी. उत्तम दुधाला चार पैसे जास्त मिळावेत. आणि दूध गार करायचे यंत्र तालुक्याला नव्हे, गावात पाहिजे. कारण जागल दोन तासांची आहे आणि आपला रस्ता त्याहून लांब आहे.

येत्या बैठकीला प्रत्येक गावाने एकच हिशेब लिहून आणावा. उन्हाळ्यात किती कॅन परत आले आणि धार काढल्यापासून केंद्रापर्यंत किती वेळ गेला. तो कागद हातात घेऊनच आपण बोलायला जाऊ.