पुराव्याभोवतीचा गडगा
सावर्डे (ता. चिपळूण, जि. रत्नागिरी) येथील भाषण



बागेला गडगा घालावयाचा, आत जाण्यास एकच वाट ठेवावयाची आणि त्या वाटेवर लक्ष ठेवावयाचे, ही रीत सावर्ड्याच्या शेतकऱ्यास नवी नाही. संगणकीय पुराव्याची तपासणी करणाऱ्या न्यायसहायक प्रयोगशाळेसही हीच रीत पाळावी लागते.

समजा, येथील एखाद्या निवृत्त शिक्षकाची आयुष्यभराची पुंजी कोणी मोबाईलवरून फसवून लाटली. संशयिताचा मोबाईल जप्त होऊन मोहोरबंद स्थितीत प्रयोगशाळेत पोचला. त्यातील संदेश हाच खटल्याचा आधार. न्यायालयात बचावपक्ष विचारील, तपासणीच्या काळात हा संदेश कोणी बदलला नाही कशावरून? यास उत्तर नसेल, तर त्या शिक्षकास न्याय मिळणे कठीण.

यास्तव तपासणीचे संगणक बाहेरच्या जगापासून तोडलेल्या स्वतंत्र जाळ्यावर ठेवावयाचे असतात. त्यांच्या तारा, स्विच, सर्व्हर हे सारे वेगळे. इंटरनेटची तार तेथे येत नाही. बिनतारी जोडणीही बंद. पत्रव्यवहाराचा संगणक निराळा. हा गडगा दोन्ही बाजूंनी राखण करतो. बाहेरचा घुसखोर आत येत नाही. तसेच जप्त मोबाईलमधील विषाणू वा कुटुंबाची खाजगी छायाचित्रे बाहेर जात नाहीत.

मूळ वस्तूवर काहीही लिहिले जाऊ नये, असे उपकरण मध्ये जोडून तिची हुबेहूब प्रत घेतात व तपासणी प्रतीवरच करतात. प्रतीचा गणिती ठसा, म्हणजे हॅश मूल्य, नोंदवितात. एसएचए-२५६ या पद्धतीत तो ६४ चिन्हांचा असतो. माहितीतील एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात हे मूल्य नमूद करावे लागते.

परंतु तार तोडली की काम संपले, असे नव्हे. २०१० साली उघडकीस आलेला स्टक्सनेट हा विषाणू इराणमधील नतांझ येथील, इंटरनेटपासून अलग असलेल्या अणुकेंद्राच्या यंत्रणेतही शिरला. अशा ठिकाणी पेनड्राइव्हसारखी साधने हीच विषाणूची वाट ठरते. म्हणून नव्या आज्ञावली आधी वेगळ्या संगणकावर तपासून, एकदाच लिहिता येणाऱ्या तबकडीवरून आत न्याव्यात; कोणी, केव्हा, काय नेले याची नोंदवहीत सही असावी. जाळ्याचे घड्याळही स्वतंत्रपणे भारतीय प्रमाणवेळेशी जुळविलेले असावे, अन्यथा नोंदींच्या वेळांवर शंका घेता येते.

या राखणीचा आरंभ मात्र गावातच होतो. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तात्काळ कळवावे. संदेश पुसू नयेत. पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी एवढे घरोघर सांगितले, तरी प्रयोगशाळेच्या हाती अखंड पुरावा पोचेल. मुळात पुरावाच पुसला गेला, तर उत्तमातला उत्तम गडगाही व्यर्थ होय.