सात-आठ-नऊचा पैसा जातो कुठं?

(युवकांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काहींनी नाकं मुरडली. अत्याचारावर बोल, आरक्षणावर बोल, हा बजेट-फिजेटचा कारकुनी विषय कशाला काढतोस, असं दोघातिघांनी मला तोंडावर सांगितलं. मी त्यांना म्हटलं, वस्तीला रस्ता येत नाही, वसतिगृहातल्या पोराला धड जेवण मिळत नाही, शिष्यवृत्ती वर्ष उलटलं तरी खात्यावर पडत नाही, या सगळ्याचं मूळ ज्या कागदात आहे तो कागद कारकुनी कसा? तो सत्तेचा कागद आहे. आपल्याला तो वाचता येत नाही, हे सत्तेच्या सोयीचं आहे.

बाबासाहेबांचं नाव घेणाऱ्यांनी तरी हिशेबाला कमी लेखू नये. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ १९२३ चा. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा १९२५ चा. या दुसऱ्या ग्रंथाच्या मुळाशी असलेला प्रश्न आपल्या वस्तीतल्या बाईलाही कळेल असा आहे : पैसा गोळा कोण करतो, खर्च कोण करतो आणि जाब कोण देतो? १९४९ साली घटना समितीत महालेखापरीक्षकाच्या कलमावर बोलताना बाबासाहेबांनी मत मांडलं की हा बहुधा घटनेतला सगळ्यांत महत्त्वाचा अधिकारी आहे. पंतप्रधान नाही, सरन्यायाधीश नाही, हिशेब तपासणारा माणूस! आपण त्यांचे पुतळे उभारले, फोटो लावले, पण हे वाक्य आपल्या एकाही पोस्टरवर आलं नाही.

आता मुद्द्यावर येतो.

सरकारच्या बजेटात प्रत्येक खर्चाला नंबर असतो. वर मोठं शीर्ष, त्याखाली बारकं, त्याखाली आणखी बारकं, अशी उतरंड असते. त्या उतरंडीत ७८९ नावाचं एक गौण शीर्ष आहे. सात-आठ-नऊ. रस्त्याचं खातं असो, शेतीचं असो की पाण्याचं, त्या खात्याच्या पैशातून अनुसूचित जातींसाठी वेगळा काढलेला हिस्सा या नंबराखाली दाखवायचा असतो. आदिवासींचा नंबर ७९६. हे दोन आकडे पाठ करा. पुढाऱ्यांचे वाढदिवस पाठ करण्यापेक्षा हे बरं.

हा हिस्सा आला कुठून? आदिवासी उपयोजना १९७४-७५ ला सुरू झाली. अनुसूचित जातींसाठी विशेष घटक योजना १९७९-८० ला आली. लोकसंख्येत जेवढा वाटा, तेवढा योजनेच्या पैशात वाटा, हा नियम. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेप्रमाणे अनुसूचित जाती ११.८ टक्के आहेत, देशात १६.६ टक्के. नियोजन आयोगाने आणखी दोन गोष्टी लिहून ठेवल्या : हा पैसा दुसरीकडे वळवता येणार नाही, आणि वर्ष संपलं म्हणून बुडणार नाही. कागदावर सगळं झकास आहे. आयोगाच्या त्या सूचना होत्या, कायदा नव्हता. सूचना मोडली म्हणून आजवर कोणता सचिव घरी गेला, मला एक तरी सांगा.

२०१० ला दिल्लीत राष्ट्रकुल खेळ झाले. माहितीच्या अधिकारातून बाहेर आलं की दिल्ली सरकारने अनुसूचित जातींच्या या हिश्शातले ७०० कोटींहून अधिक रुपये खेळांच्या कामांकडे वळवले. तेव्हाच्या गृहमंत्र्यांना राज्यसभेत कबूल करावं लागलं की हे चुकीचं झालं. स्टेडियमच्या दिव्यात आपला पैसा जळला, आणि आपल्याला त्याचा उजेडही मिळाला नाही.

आता कुणी म्हणेल, तो जुना काळ होता, आता सगळं कॉम्प्युटरवर आलंय, सुधारणा झाली. झाली ना! ती कोणी केली, कशासाठी केली, हेच आज बघायचंय.

सार्वजनिक पैशाच्या व्यवस्थेत गेल्या वीस वर्षांत खरोखर मोठे बदल झाले. केंद्राचा पैसा कुठं पोचला हे बघायला २००८-०९ मध्ये एक यंत्रणा सुरू झाली, आज तिला पीएफएमएस म्हणतात. २०१४-१५ पासून केंद्राच्या योजनांचा पैसा संस्थांच्या खात्यांऐवजी राज्याच्या तिजोरीतून जायला लागला. २०१७-१८ ला योजना आणि योजनेतर हा जुना भेद काढून टाकला. २०२१ ला नियम आला की प्रत्येक केंद्रीय योजनेसाठी राज्यात एकच मुख्य खातं असेल, म्हणजे पैसा दहा बँकांत पडून राहणार नाही. आपल्या राज्यात बजेटच्या वाटपासाठी बीम्स आहे, शिष्यवृत्तीसाठी २०१८ पासून महाडीबीटी आहे. जागतिक बँक आणि नाणेनिधीसारख्या संस्थांनी २००१ पासून पेफा नावाची गुणपत्रिका चालवली आहे. अंदाज आणि खर्च यांत फरक किती, हिशेब वेळेवर होतात का, ऑडिट विधिमंडळापुढं जातं का, याचे ए पासून डी पर्यंत मार्क देतात. २०२० ला त्यात बाईच्या बाजूने तपासायची पुरवणी जोडली. जातीची पुरवणी नाही. वॉशिंग्टनला जात दिसत नाही, आणि मंत्रालयाला ती बघायची नाही.

या सुधारणा वाईट आहेत असं मी म्हणत नाही. खोटे विद्यार्थी दाखवून शिष्यवृत्तीचा पैसा गिळणारी खासगी कॉलेजं चौकशांत सापडली, ती काही आपल्या मैत्रीतली नव्हती. पैसा थेट पोराच्या खात्यात जाणं हे बरंच आहे. प्रश्न वेगळा आहे. या सगळ्या सुधारणांची मोट बांधली कुणी? इंग्रजी अहवालांत याला समन्वय म्हणतात. मी साध्या भाषेत सांगतो : टेबलावर बसतं कोण आणि बैठक बोलावतं कोण?

२०१७-१८ चंच घ्या. योजना-योजनेतर भेद काढला. हिशेबाच्या दृष्टीने शहाणपणाचं काम, रंगराजन समितीने २०११ लाच ते सुचवलं होतं. पण आपला हिस्सा मोजला जायचा तो योजनेच्या रकमेवर. ती रक्कमच बजेटातून नाहीशी झाली, तर ११.८ टक्के कशाचे? १६.६ टक्के कशाचे? वित्त खात्याने आपल्या घरातली भिंत पाडली आणि त्या भिंतीवर आपलं छप्पर टेकलेलं होतं. आधी छपराला टेकू देऊ, मग भिंत पाडू, असं म्हणणारा त्या टेबलावर पुरेशा ताकदीने बसलेला नव्हता. ज्याच्या हातात हिश्शाची देखरेख होती तो नियोजन आयोगसुद्धा २०१५ च्या जानेवारीत जाऊन नीती आयोग आला होता, आणि नीती आयोगाच्या हातात पैसे वाटायचा अधिकार नाही.

दुसरं उदाहरण शिष्यवृत्तीचं. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासूनची, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असतानाची. पुढं त्यात एक भानगड घुसली. योजनेचा काळ संपला की राज्याने आधी जेवढा खर्च केला असेल तेवढा कायमचा राज्याच्या डोक्यावर, केंद्र फक्त वरचा खर्च देणार. त्यामुळे २०१७ नंतर जवळजवळ सगळा बोजा राज्यांवर पडला आणि कित्येक राज्यांत योजना आडवी पडली. केंद्र म्हणतं राज्य देत नाही, राज्य म्हणतं केंद्र देत नाही, आणि कॉलेजचा क्लार्क पोराला म्हणतो फी भर नाहीतर परीक्षेचा फॉर्म मिळणार नाही. दोन तिजोऱ्यांच्या भांडणात कुणाचं शिक्षण तुटलं? डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटींचा आराखडा मंजूर केला, त्यात केंद्राचे ३५,५३४ कोटी, म्हणजे ६० टक्के. बाकी ४० राज्याचे. राज्याने आपला वाटा टाकल्यावर केंद्राचा वाटा पोराच्या खात्यात थेट जाणार. चांगलं झालं. पण बघा, साखळीची पहिली कडी राज्य आहे. राज्याने उशीर केला की केंद्राचंही थांबतं. आधार जोडलेलं नाही, थांबतं. कॉलेजने अर्ज पुढं पाठवला नाही, थांबतं. प्रत्येक खात्याच्या स्क्रीनवर आपलं काम हिरवं दिसतं. वाटप झालं, बिल पास झालं, अर्ज मंजूर झाला. पोराला मेसच्या दारात अडवलंय, हे कुठल्या स्क्रीनवर दिसतं?

म्हणून मी म्हणतो, समन्वय ही बैठकीची गोष्ट आहे तितकीच सत्तेची आहे. वित्त खात्याला व्याज वाचवायचं होतं, तर २०२१ चा नियम देशभर लागू झाला. इच्छा असली की सगळं जमतं! तेवढ्याच जोराने सात-आठ-नऊचा माग काढणारं यंत्र का बसत नाही?

आपल्या महाराष्ट्राने एकदा रस्ता दाखवला होता, हे विसरू नका. १९९१ ला सुकथनकर समिती बसली. आदिवासींचा हिस्सा खात्याखात्यांनी आपापल्या मर्जीने दाखवायचा, ही पद्धत तिने मोडायला सांगितली. पैसा आधी वेगळा काढा, आदिवासी विकास खात्याच्या हातात द्या, त्यांनी ठरवावं कुठल्या खात्याकडून काय करून घ्यायचं. १९९३-९४ पासून ते लागू झालं, देशात त्याला महाराष्ट्र मॉडेल म्हणायला लागले. मागणारा खातेदार झाला. खरा समन्वय म्हणतात तो हा.

पण तिजोरीची चावी वित्त खात्याकडंच राहिली. मे २०२५ मध्ये काय झालं? लाडकी बहीण योजनेसाठी सामाजिक न्याय खात्याचे सुमारे ४१० कोटी आणि आदिवासी विकास खात्याचे सुमारे ३३५ कोटी वळवले गेले. सामाजिक न्याय खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी बोलून दाखवली. मंत्र्याला जिथं नाराजी बोलून दाखवावी लागते, तिथं आपली काय कथा!

सरकारचं उत्तर ऐका. म्हणे या योजनेत दलित बहिणीही आहेत, त्यांच्यावरच तो पैसा जातो. मित्रांनो, या युक्तिवादाला नीट उत्तर द्या, नुसत्या शिव्या देऊ नका. आपली बहीण या राज्याची नागरिक आहे. सगळ्या बाईमाणसाला जे मिळतं ते तिला सगळ्यांच्या पैशातून मिळालं पाहिजे. तिचे पंधराशे तिच्याच वस्तीच्या हिश्शातून दिले, तर तिला मिळालं काय? एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घातलं. वेगळा हिस्सा आहे तो हजारो वर्षांचं अंतर कापायला, वसतिगृहाला, जमिनीला, शिक्षणाला. याच तर्काने उद्या हायवेवरून दलितही चालतो म्हणून हायवेच्या खर्चात आपला वाटा दाखवतील. दाखवतील काय, दाखवलाय!

कर्नाटकात २०१३ ला या हिश्शासाठी कायदा झाला. त्याच कायद्यात कलम ७-ड घातलं : सर्वसाधारण कामांचा काही भाग आपल्यावरच खर्च झाला असं मानता येईल. ‘मानता येईल’. या दोन शब्दांतून पैसा वाहून गेला. चळवळीने रेटा लावला, २०२३ मध्ये ते कलम काढावं लागलं. आणि त्याच वर्षी तिथल्या गॅरंटी योजनांसाठी याच हिश्शातले सुमारे ११ हजार कोटी लावल्याचा वाद पेटला. आंध्रात २०१३ ला कायदा झाला, तेलंगणात २०१७ ला, राजस्थानात २०२२ ला. महाराष्ट्रात तसा कायदा व्हावा ही आपली मागणी जुनी आहे, ती सोडायची नाही. पण कर्नाटकाचा धडा घेऊन मागायचं. कायद्यात ‘मानता येईल’ नको. वळवणाऱ्या अधिकाऱ्याला शिक्षा हवी. न खर्चलेला पैसा पुढच्या वर्षी त्याच नंबराखाली परत यायला हवा. आणि वित्त खातं हिशेबाची कुठलीही पद्धत बदलेल तेव्हा सामाजिक न्याय खात्याची लेखी संमती हवी.

पाटीनं भागलं नाही, पेटीनं भागलं नाही, कायद्यानंही पूर्ण भागत नाही. शेवटी उरतो तो वाचणारा माणूस. म्हणून आता काम सांगतो.

प्रत्येक शाखेत चार पोरं-पोरी फक्त बजेटाला द्या. एकाने कॉमर्सवाल्या दोस्ताला धरून आणा, त्याच्या डिग्रीचा समाजाला उपयोग होऊ द्या. मार्चमध्ये बजेट मांडलं की आपल्या खात्यांची पुस्तकं उघडा आणि ७८९ शोधा. जुलैला आणि हिवाळ्यात नागपूरला पुरवणी मागण्या येतात, तेव्हा कुठून काढलं आणि कुठं घातलं ते बघा. कापाकापी बहुतेक तिथंच होते. जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीआधी वस्तीत जाऊन मागच्या वर्षीची कामं मोजा. यादीत समाजमंदिर आहे आणि जागेवर उकिरडा आहे, तर फोटो काढा, माहिती अधिकाराचा अर्ज टाका. महालेखापरीक्षकाचे अहवाल विधिमंडळात येतात, ते वाचून लोकलेखा समितीतल्या आपल्या आमदाराला गाठा. ‘आपला’ म्हणजे राखीव जागेवरचाच नव्हे. मत मागायला वस्तीत आलेला प्रत्येक आमदार.

हे काम कंटाळवाणं आहे. यात घोषणा नाहीत, ढोल नाही, पेपरात फोटो येत नाही. मोर्चाही काढायचाच आहे, रस्ता सोडायचा नाही. पण मोर्चाच्या पुढं चालणाऱ्याच्या हातात आकडा असला पाहिजे. मंत्रालयातला साहेब घोषणेला घाबरत नाही, त्याला सवय झालीय. लेखाशीर्ष, तारीख आणि रक्कम सांगून जाब विचारणारं पोरगं समोर उभं राहिलं, की तो फाईल शोधायला लागतो.

आता प्रश्न विचारा. आणि निघताना त्या कोपऱ्यातल्या वहीत नाव लिहून जा, पहिली चार नावं आजच हवीत.

जय भीम.