दुर्गम ठाण्यांचे ऊर्जास्वावलंबन



हिमालयातील एखाद्या उंच ठाण्यात रात्री दिवा लागतो, तेव्हा त्यामागे डिझेलच्या पिंपाचा दीर्घ प्रवास असतो. हिमपाताने रस्ता बंद झाला की पिंप अडते. आणि मग केवळ दिवाच नव्हे, तर ऊब, संदेशवहन आणि औषधोपचारही धोक्यात येतात. म्हणूनच ऊन, वारा व साठवण यांची सांगड घालणारी संमिश्र ऊर्जाव्यवस्था हा हौसेचा नव्हे, निकडीचा विषय आहे.

ही सांगड व्यवहार्य आहे काय? अंटार्क्टिकाने याचे उत्तर दिले आहे. ऑस्ट्रेलियाच्या मॉसन तळावर २००३ साली प्रत्येकी ३०० किलोवॉटच्या दोन पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि डिझेलचा खर्च घटला. बेल्जियमचा प्रिन्सेस एलिझाबेथ तळ २००९ पासून नऊ पवनचक्क्या व सौरपट्टिकांवर चालतो. मात्र तेथील मुक्काम उन्हाळ्यापुरता असतो. २०१७ मध्ये मॉसनच्या एका पवनचक्कीचा माथा कोसळला. डिझेलची जनित्रे राखून ठेवली होती, म्हणून तळाचे काम थांबले नाही. नव्याचे स्वागत करताना जुने मोडीत काढू नये, हा त्यातला धडा.

हिमालयाचे गणित आणखी निराळे आहे. वाऱ्याची शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. परंतु १६,००० फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्केच उरते. तेवढ्याच वेगाच्या वाऱ्यातून तेथे सुमारे ४० टक्के ऊर्जा कमी मिळते. उलट थंडीत सौरपट्टिकांची कार्यक्षमता वाढते, तर नेहमीच्या विद्युतघटांची क्षमता घटते. म्हणजे खरी परीक्षा साठवणीची आहे. भारतीय सैन्याने आयआयटी मुंबईच्या सहकार्याने २०२१ मध्ये उत्तर सिक्कीममध्ये १६,००० फुटांवर ५६ केव्हीए क्षमतेचा सौरप्रकल्प उभारला, तेव्हा साठवणीसाठी व्हॅनेडियम विद्युतघटांची निवड झाली.

तेव्हा क्रम असा असावा : आधी भिंती व छपरे उष्णतारोधक करून गरज कमी करावी, मग वर्षभर ऊन-वारा मोजावा, त्यानंतरच यंत्रे निवडावीत. तिथल्याच माणसांना दुरुस्ती शिकवावी, सुटे भाग हिवाळ्यापूर्वी पोहोचवावेत आणि डिझेल संकटकाळासाठी राखावे. उद्घाटनाच्या दिवशी फिरणारे पाते ही परीक्षा नव्हे. पाचव्या हिवाळ्यात, रस्ता बंद असताना लागलेला दिवा, हीच खरी परीक्षा होय.