कुशल कोणास म्हणावे?

(कोल्हापूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी एक करार केला. महाराष्ट्राने त्या राज्यास कुशल मनुष्यबळ पुरवावे, प्रारंभी दहा हजार माणसे पाठवावीत, असा त्याचा आशय. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मन सरकारने भारतीय कुशल कामगारांना द्यावयाच्या वार्षिक व्हिसांची संख्या २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत नेण्याचे जाहीर केले. परदेशगमन हा पूर्वी डॉक्टर-इंजिनिअरांच्या घरातला विषय होता. आता तो फिटरच्या आणि परिचारिकेच्या घरातही निघू लागला आहे. म्हणून आपल्या चळवळीनेही त्याचा विचार करणे अगत्याचे आहे.

या प्रश्नाकडे पाहण्याच्या दोन सवयी आपल्याकडे रूढ आहेत. एक, जाणाऱ्यास स्वार्थी ठरवून दूषणे देणे. दुसरी, त्याने पाठविलेल्या डॉलरांचे कौतुक करणे. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीनुसार परदेशातून देशात येणाऱ्या अशा रकमांत महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत पहिला होता. परंतु निंदा आणि कौतुक या दोहोंमध्ये मूळ प्रश्न हरवतो. तो प्रश्न असा की, ‘कुशल’ कोणास म्हणावयाचे, आणि ते कोणी ठरवावयाचे?

जर्मनीने जून २०२४ पासून नोकरीच्या शोधासाठी ‘संधी-पत्र’ नावाचा व्हिसा सुरू केला. त्यासाठी वय, भाषा, अनुभव इत्यादींचे मिळून सहा गुण लागतात. वय ३५ च्या आत असेल तर दोन, जर्मन भाषा बी-२ पातळीची येत असेल तर तीन, अशी ही मोजणी आहे. वरवर पाहता ती निःपक्षपाती वाटते. तथापि गुण मोजण्यापूर्वीच काही उंबरठे ओलांडावे लागतात. पहिला, स्वदेशी मान्यता असलेले किमान दोन वर्षांचे व्यवसायशिक्षण अथवा पदवी. दुसरा, वर्षभराच्या निर्वाहाची तरतूद. २०२५ साली ही रक्कम महिना १,०९१ युरो, म्हणजे वर्षाची १३,०९२ युरो होती. रुपयांत सुमारे बारा ते तेरा लाख!

आता शिरोली वा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतील फौंड्रीत साचा घालणारा कामगार डोळ्यांपुढे आणा. वाळू मुठीत दाबून तिचा ओलावा तो सांगतो. रसाचा रंग पाहून तो ओतण्याजोगा झाला की नाही हे ओळखतो. ही विद्या त्याला कोणत्याही महाविद्यालयाने दिलेली नाही. ती त्याने मिस्त्रीच्या हाताखाली, चटके सोसत मिळविली आहे. शिवाजी उद्यमनगरातील कारखानदारी अशाच हातांवर उभी राहिली. परंतु त्याच्यापाशी कागद नाही. म्हणून या व्हिसाच्या लेखी तो कुशल नव्हे. आयटीआयमध्ये वेल्डरचा अभ्यासक्रम पुरा केलेल्या मुलापाशी कागद आहे, पण तो अभ्यासक्रम एक वर्षाचा. म्हणजे तोही दोन वर्षांच्या अटीत बसत नाही.

कोणी म्हणेल, परक्या देशाने काही तरी कसोटी लावणारच. म्हणणे रास्त आहे. पण हाच देश संगणक क्षेत्रातील अनुभवी माणसास, पुरेसा पगार देणारी नोकरी हाती असल्यास, पदवीवाचूनही घेतो. म्हणजे अनुभव हे ज्ञान आहे, हे त्या कायद्यास ठाऊक आहे. फक्त कोणाचा अनुभव ज्ञानात जमा धरावयाचा, हे बाजाराची निकड ठरविते. आणि जर्मनीस कशास दोष द्यावा? मिस्त्रीच्या विद्येस पूर्ण दर्जाची मान्यता आपल्या समाजाने तरी कोठे दिली आहे? हाताने काम करणाऱ्यास ज्ञानवंत न मानण्याची आपली रीत पुरातन आहे. व्हिसाच्या अर्जात तिचेच प्रतिबिंब उमटते.

खर्चाचा हिशेबही मांडला पाहिजे. राजर्षी शाहूंनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचे पाऊल उचलले. तेव्हापासून येथील शिक्षणाचा मोठा भार जनतेच्या पैशाने वाहिला आहे. शेतमजूरही काडेपेटी घेताना अप्रत्यक्ष कराने त्यास हातभार लावत आला. त्यातून तयार झालेली परिचारिका परदेशी जाते, तेव्हा तिच्या शिक्षणाचा खर्च न करता तिची सेवा दुसऱ्या समाजास मिळते. अर्थशास्त्रज्ञ जगदीश भगवती यांनी १९७० च्या दशकात अशा स्थलांतरितांच्या मिळकतीवर कर बसवून तो मायदेशाच्या विकासासाठी वापरण्याची कल्पना मांडली होती. ती प्रत्यक्षात आली नाही. परंतु दोन सरकारे करारास बसतात, तेव्हा ‘आमची माणसे हवीत तर येथील प्रशिक्षणाचा खर्च उचला’ असे म्हणण्यास कोणता कायदा आड येतो? ‘पुरविणे’ हा शब्द कोळशास शोभतो, माणसास नव्हे.

१८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांसाठी करारबद्ध मजूर नेले जाऊ लागले. त्यांत रत्नागिरीकडील मराठी माणसेही होती. वाचता न येणाऱ्या करारावर अंगठा उमटवून ती बोटीत चढली. आजचा तरुण शिकलेला आहे, पण त्याच्या पुढ्यात येणारा करार जर्मन भाषेत असेल, तर तो वाचता येतो काय?

यास्तव तीन कामे हाती घ्यावयास हवीत. पहिले, अनुभवी कामगाराच्या प्रत्यक्ष कामाची परीक्षा घेऊन त्यास पूर्ण दर्जाचे व्यवसाय प्रमाणपत्र द्यावे, ही मागणी शासनाकडे लावून धरणे. परदेशी न जाणाऱ्यासही ते उपयोगी पडेल. येथील मालकाशी वेतनाची बोलणी करताना तो रिकाम्या हाताने बसणार नाही. दुसरे, तालुक्याच्या ठिकाणी मदतकेंद्र चालविणे. १९८३ च्या परदेशगमन कायद्यान्वये भरती करणाऱ्या दलालाची नोंदणी आवश्यक आहे, आणि त्यास घेता येणारे शुल्क ३० हजार रुपये व त्यावरील जीएसटी, इतकेच आहे. ही एवढी माहिती वेळेवर पोचली तरी कित्येकांची जमीन गहाण पडण्यापासून वाचेल. करार मराठीत समजावून सांगणे हेही त्याच केंद्राचे काम. तिसरे, जाणाऱ्याची तेथील कामगार संघटनेशी गाठ घालून देणे. जर्मन कामगाराहून कमी वेतनावर परदेशी कामगार नेमू नये असा तेथील नियम आहे. तो पाळला जातो की नाही, हे पाहणारे संघटनेशिवाय दुसरे कोण असणार? आपला माणूस तेथल्या श्रमिकाचे वेतन पाडण्याचे साधन होता कामा नये.

जाण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकास असावे, हे आपण मानतो. पण ज्यास येथे राहून सन्मानाने जगता येत नाही, त्याचे जाणे स्वातंत्र्य नव्हे, ती अगतिकता होय. फौंड्रीतील त्या कामगारास जाता आले पाहिजे, आणि न जाताही कुशल म्हणून जगता आले पाहिजे. यांतील दुसरी गोष्ट कोणत्याही परदेशाच्या हाती नाही. ती सर्वस्वी आपल्या हाती आहे.